सोनी की कॅनन? बाबांच्या हाताला विचारा!

गेल्या महिन्यात तीन आठवडे माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट उघडी होती. तीही कलर कोडेड! हिरवा म्हणजे 'सही', पिवळा म्हणजे 'चालेल', लाल म्हणजे 'कटाप'. मी स्थळांची तुलना करतेय, असा माझ्या रूममेटचा ठाम समज होता. शीटमध्ये स्थळं दोनच होती. सोनी सायबरशॉट डब्ल्यू-८० आणि कॅनन पॉवरशॉट ए-५७० आयएस. दोन्ही २००७ सालची, दोन्ही सेकंडहँड, दोन्ही खिशात मावणारी (कॅनन जरा कोंबून).

कॅमेरा घ्यायचाय म्हटल्यावर मित्रमंडळींच्या रिअॅक्शन्स दोनच प्रकारच्या आल्या. पहिली, "अगं, फोनला तीन लेन्स आहेत ना तुझ्या? चौथी कशाला?" दुसरी, जरा स्टायलिश गोटातून, "वॉव, डिजिकॅम! सो टू थाउजंड्स!"

या दुसऱ्या गोटासाठी एक खुलासा. डिजिकॅमची फॅशन परत आलीये हे मलाही माहितेय. शाळेच्या गॅदरिंगला ज्या कॅमेऱ्याने आपल्या सगळ्यांचे डोळे लालभडक केले, तोच आता मनगटाला अडकवून पब्लिक एफसी रोडवर फिरतंय. गंमत म्हणजे ही जमात जवळजवळ नामशेष झाली होती. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या संघटनेची आकडेवारी सांगते, २०१० साली १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात गेले. २०२३ साली हाच आकडा ८० लाखांच्याही आत होता. मधली सगळी वर्षं फोनने खाल्ली. त्यामुळे आज नवा आणि चांगला कॉम्पॅक्ट घ्यायचा म्हटलं तर पर्याय मोजके आणि किमती अशा की फ्रीलान्सरने फक्त शोकेसच्या काचेला नाक लावावं. फुजीचा एक्स-१०० सिक्स बघायला गेले होते एकदा. लाखाच्या बराच पुढे. 'थँक यू' म्हणून बाहेर आले.

पण माझा कॅमेरा फॅशनसाठी नव्हता. माझ्यासाठीही नव्हता. तो होता बाबांसाठी.

बाबा म्हणजे आमच्या साताऱ्याच्या घरातले ऑफिशियल फोटोग्राफर. नोकरी सहकारी बँकेत, पण लग्न-मुंज-बारसं काहीही असो, गळ्यात याशिका असायचाच. छत्तीसचा रोल असायचा आणि तो पुरवून पुरवून वापरायचा असायचा. आज आपण एका पिझ्झाचे वीस फोटो काढतो. बाबा अख्ख्या लग्नाला पंधरा द्यायचे आणि उरलेले माझ्या वाढदिवसाला राखून ठेवायचे. "हलू नका!" अशी आरोळी ठोकायचे, श्वास रोखायचे, कोपर बरगडीला टेकवायचे, आणि मग तो 'खट्' आवाज. घरात आठ अल्बम आहेत आणि आठांत मिळून बाबा एकदाच दिसतात. महाबळेश्वरच्या फोटोत, आईच्या पायाशी पडलेली एक लांबलचक सावली म्हणून.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताला कंप सुटायला लागला. हात मांडीवर असला की शांत, काही करायला उचलला की थरथर. चहाचा कप बशीवर वाजायचा आणि आई उगाचच रेडिओचा आवाज वाढवायची. पुण्यात न्यूरॉलॉजिस्टला दाखवलं. पार्किन्सन्स नाही, इसेन्शियल ट्रेमर, असं निदान झालं. गोळीने कमी झालं, पण गेलं नाही.

गेल्या दिवाळीत मी रांगोळीपाशी आईला घेऊन बसले आणि फोन बाबांच्या हातात दिला. आता फोनच्या स्क्रीनवरचं ते पांढरं बटण, त्याला बिचाऱ्याला काय कळणार? थरथरणारं बोट एकदा टेकलं, दुसऱ्यांदा टेकलं, मग जरा जास्त वेळ टेकून राहिलं आणि चक्क व्हिडिओ सुरू झाला. फोटो आले ते सगळे हललेले. बाबांनी एकेक बघितला, एकेक डिलीट केला आणि फोन परत दिला. "तूच काढ. तुझा हात चांगला बसलाय."

मी 'ओके' म्हटलं आणि सेल्फी काढला. एवढं सोप्पं होतं ते. त्यानंतर बाबांना फोटो काढायला कुणी सांगितलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

जानेवारीत घरी गेले तेव्हा बाबांचा फोन हँग व्हायला लागला म्हणून साफ करायला घेतला. गॅलरीत अंगणातल्या जास्वंदीचे त्रेचाळीस फोटो होते. एकच फूल, वेगवेगळ्या दिवशी, बहुतेक सकाळचं. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस हललेले, आणि हे मात्र एकही डिलीट केलेला नाही. माणूस कुणाला न सांगता प्रॅक्टिस करत होता!

मी तो फोन साफ न करताच ठेवला आणि पुण्याला येऊन एक्सेल उघडलं.

तर आता मुद्द्यावर. बजेट सहा हजार. हे दोनच का? कारण दोघांमध्ये मला हव्या असलेल्या दोन गोष्टी होत्या. एक, ऑप्टिकल इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला की तो हलणं ओळखून लेन्समधलं एक भिंग उलट दिशेला सरकवणारी यंत्रणा. आणि दोन, डोळा लावायची खरीखुरी काचेची खिडकी, व्ह्यूफाइंडर. ही खिडकी पुढे पुढे कंपन्यांनी काढूनच टाकली, कारण मागचा स्क्रीन मोठा करायला जागा हवी होती. बाबांना मात्र डोळ्याला कॅमेरा लावल्याशिवाय फोटो काढल्यासारखं वाटतच नाही.

कागदावर दोघं जुळ्या भावांसारखे. दोन्हीकडे सात मेगापिक्सेल. 'फक्त सात?' म्हणून नाक मुरडू नका. ३०७२ बाय २३०४ पिक्सेलचा फोटो होतो. चार बाय सहाची झक्कास प्रिंट काढायला १८०० बाय १२०० पुरतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. अल्बमसाठी सात म्हणजे चैन आहे. दोन्हीकडे सेन्सर तेवढाच, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. दोन्हीकडे स्क्रीन अडीच इंची. चेहरा ओळखून फोकस करणं, ही तेव्हाची नवी नवी गंमत, तीही दोन्हीकडे.

मग फरक कुठे? माझ्या शीटमध्ये सोनी पहिल्या दिवसापासून पुढे होता, हे कबूल करते. जाडी तेवीस मिलिमीटर, बॅटरीसकट वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास, मेटॅलिक बॉडी, लेन्सवर कार्ल झाइसचं नाव. दिसायला एकदम पार्टीला निघालेला! कॅनन शेजारी ठेवला की आपल्या ऑफिसातल्या अॅडमिनच्या काकांसारखा वाटायचा. जाडी चाळीस मिलिमीटरच्या वर, उजवीकडे फुगलेलं पोट, आणि त्या पोटात दोन पेन्सिल सेल. झूम कॅननचा जास्त, चार पट. सोनीचा तीन पट. पण बाबा झूम वापरत नाहीत, ते पुढे चालत जातात. म्हणून झूमचा रकाना मी ग्रे केला.

कॅननमध्ये आणखी एक गोष्ट होती. शटर स्पीड आणि अॅपर्चर स्वतः ठरवायची सोय. डायलवर टीव्ही, एव्ही, एम असली अक्षरं. सोनीत ही सोय नाही, तिथे शटर स्पीड कॅमेराच ठरवणार. मी त्या रकान्यात लिहिलं होतं, 'नको, बाबा कन्फ्यूज होतील.' हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे माझी वाट लागणार आहे.

सोनीला लाल रंग मिळाला तो कार्डाच्या रकान्यात. त्याला मेमरी स्टिक लागते. हे सोनीचं स्वतःचं कार्ड, १९९८ पासूनचं. पीएसपी खेळलेल्यांना आठवत असेल. २०१० साली सोनीने एसडी कार्डालाही दार उघडलं आणि मेमरी स्टिक हळूहळू मागे पडली. आज ती मिळते, पण शोधावी लागते. किंवा आत मायक्रो एसडी घालायचा एक अॅडॉप्टर मिळतो, तो वापरायचा. केबलही स्वतःचीच, दुसरी कुठली बसत नाही. कॅननला साधं एसडी कार्ड चालतं, बत्तीस जीबीपर्यंतचं. चौसष्टचं नका घेऊ, ते पुढच्या पिढीचं, या वयाच्या कॅमेऱ्यांना झेपत नाही. केबल मिनी यूएसबी. घरातला जुन्या वायरींचा ड्रॉवर उघडा, एखादी निघेलच.

मधल्या काळात इन्स्टावरच्या डिजिकॅमवाल्यांनी माझं डोकं बरंच खाल्लं. "सीसीडी सेन्सरचे कलर्स काही औरच," हा त्यांचा मंत्र. हे दोन्ही कॅमेरे सीसीडीवालेच, त्यामुळे माझ्या तुलनेत याचा शून्य उपयोग. पण वाचल्यावर कळलं की हा मामला वाटतो तितका जादूचा नाही. सीसीडी काय आणि सीमॉस काय, दोन्ही उजेड मोजतात. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या रंगीत फिल्टरने आणि कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरने. त्या जुन्या फोटोंचा 'तो' लुक येतो त्याची कारणं साधी आहेत. सेन्सर लहान, त्यामुळे आकाश पटकन पांढरं पडतं. आणि समोरून झेनॉन फ्लॅशचा धडाका बसतो. फोन काय करतो? शटर दाबायच्या आधी आणि नंतरच्या अनेक फ्रेम्स घेतो, त्यांची मस्त भेळ करतो, सावल्या उजळतो, चेहरे गुळगुळीत करतो आणि आपल्याला एक प्लेट देतो. भेळ चविष्ट असते, तक्रार नाही. फोनचा सेन्सरही आता या जुन्या कॉम्पॅक्टपेक्षा मोठा असतो. क्वालिटीच हवी असेल तर फोनच वापरा, हे मी कॅमेरा विकत घेऊनही सांगेन.

सेकंडहँड बाजारातला एक किस्सा सांगितलाच पाहिजे. बुधवार पेठेतल्या एका गाळ्यात मला आधी तिसराच एक कॅमेरा दाखवला गेला. कंपनीचं नाव नको. "मॅडम, पीस एकदम मिंट!" चालू केला. लेन्स अर्धी बाहेर आली, कण्हली आणि तिथेच थांबली. "थंडीमुळे," गाळेवाले म्हणाले. मार्च महिना होता!

तेव्हापासून मी चेकलिस्ट घेऊन फिरायला लागले. चालू-बंद पाच वेळा करून बघायचं. लेन्स पूर्ण आत-बाहेर जाते का, झूमला करकर येते का, हे बघायचं. मोबाइलचा टॉर्च तिरका मारून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसतंय का तपासायचं, तो फंगस. मुंबई-कोकणातून आलेल्या कॅमेऱ्यात हे हमखास बघा, दमट हवा त्याला मानवते. पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढायचा आणि लेन्सवर हात ठेवून एक काळाकुट्ट, दोन्हींत ठिपके शोधायचे. बॅटरीचं झाकण नीट बसतं का पाहायचं, कारण ते तुटलं की आयुष्यभर चिकटपट्टी. आणि अगदी जुना, २००२ ते २००४ च्या दरम्यानचा पीस असेल तर जास्तच सावध. त्या काळातल्या बऱ्याच सीसीडींच्या आतली जोडणी उष्ण, दमट हवेत सुटायची आणि फोटो काळे किंवा जांभळे-वेडेवाकडे यायचे. २००५ साली एकामागोमाग एक कंपन्यांना फुकट दुरुस्ती जाहीर करावी लागली होती. आता ती फुकट दुरुस्ती कोण देणार?

त्याच गाळ्यात तळाच्या खोक्यात कॅनन निघाला. साडेचार हजार. आणि सोनी मिळाला वाकडला, एका आयटीवाल्याकडे. बहिणीचा होता, ती जर्मनीला गेली. साडेपाच हजार, मेमरी स्टिक आणि चार्जरसकट. मनातून मी सोनीचे पैसे दिलेच होते. पण बाबांची फॉलोअपची अपॉइंटमेंट त्याच आठवड्यात होती. म्हटलं, एकदा हातात तर देऊन बघू. सरप्राइज गेलं तेल लावत.

आधी वाकड. सोसायटीच्या गार्डनमध्ये बाबांनी सोनी हातात घेतला, उलटसुलट केला. "साबणाच्या वडीसारखा आहे गं." मी म्हटलं, "बाबा, कार्ल झाइस आहे." "असेल," म्हणाले. डोळ्याला लावला. पकडायला जागाच नाही, बोटं एकमेकांवर चढत होती. शटरचं बटण वरच्या पातळ कडेवर. ते दाबताना अख्खा कॅमेरा खाली झुकायचा. दहा फोटो काढले, चार बरे आले. एका फोटोत तो आयटीवाला पूर्ण दोनदा दिसत होता. पोरगा भला होता, म्हणाला, "काका, मस्त इफेक्ट आलाय." बाबा हसले, पण मला त्यांचं ते हसू माहितेय. दिवाळीत फोन परत देतानाचं.

मी तिथेच कॅन्सल करणार होते सगळं. रिक्षात बाबा म्हणालेच, "कशाला खर्च करतेस? माझ्या हातात आता काय राहिलंय." मी खिडकीबाहेर बघत राहिले. उत्तर द्यायला माझ्याकडे एक्सेल शीट होती फक्त.

बुधवार पेठेत गेलो ते डॉक्टरांच्या वेळेला दोन तास होते म्हणून. गाळेवाल्यांनी कॅनन काढून दिला. आणि मंडळी, बाबांनी काही न बोलता आधी मागचं झाकण उघडलं. "पेन्सिल सेल?" मी म्हटलं हो. "याशिकाला पण हेच होते." झाकण लावलं. उजव्या हाताची बोटं त्या फुगलेल्या पोटावर आपोआप बसली, बटण बरोबर तर्जनीखाली आलं. चष्मा कपाळावर, डोळा खिडकीला, दोन्ही कोपरं बरगडीला. श्वास रोखला. मी आठ वर्षांची असताना पाहिलेला माणूस समोर उभा होता, फक्त हात थरथरत होते.

'खट्.' (खरं तर 'टिक्'. पण मला 'खट्' ऐकू आलं.)

दहातले सात चांगले. यात चमत्कार काही नाही, नंतर शांतपणे विचार केल्यावर कळलं. सेल घातल्यावर कॅनन सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास जातो. जरा वजनदार वस्तू बारीक थरथरीने कमी हलते. कॅमेरा कपाळाला टेकवला की दोन हातांना डोक्याचा तिसरा आधार मिळतो. फोन आपण हात लांब करून धरतो, तिथे आधार कसलाच नाही. आणि बटण दाबणं आणि कॅमेरा धरणं या दोन वेगळ्या बोटांच्या ड्यूट्या झाल्या. स्टॅबिलायझेशन दोन्हींत होतं, ते माझ्या शीटमध्ये दोन्हीकडे हिरवं होतं. पोटाचा रकाना मी केलाच नव्हता.

आता माझी वाट लागायची ती गोष्ट. गाळेवाले काका, तेच ते 'थंडीमुळे'वाले, इतका वेळ गप्प बसून बघत होते. ते पुढे झाले आणि डायल टीव्हीवर फिरवली. "साहेब, हे इथं ठेवा. उन्हात अडीचशे." म्हणजे एका सेकंदाचा दोनशे पन्नासावा भाग. डायल परत बाबांच्या हातात.

हिशेब बघा. असा कंप सेकंदाला साधारण चार ते बारा वेळा होतो. धरा दहा. म्हणजे हाताची एक फेरी एक दशांश सेकंदात. शटर जर एक तीसांश सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्यात हात फेरीचा तिसरा हिस्सा फिरून येतो, फोटो गेला. एक अडीचशांश सेकंदात हात जेमतेम निघालेला असतो. ऑटो मोडमध्ये कॅमेरा उजेड कमी झाला की स्वतःच्या मर्जीने शटर मंद करतो. त्याला काय माहीत, धरलाय कुणी? टीव्ही मोडमध्ये आपण सांगतो, यापेक्षा मंद जायचं नाही. उजेड फारच कमी असेल तर फोटो काळपट येईल, पण हलणार नाही. आणि रात्री घरात फ्लॅश. झेनॉन फ्लॅशचा झोत हजारांश सेकंदाच्या आसपासचा असतो, अंधारात तोच शटरचं काम करतो. जिथे तेही नको तिथे दोन सेकंदांचा टायमर, बटण दाबायचं आणि हात स्थिरावायला वेळ द्यायचा.

'बाबा कन्फ्यूज होतील' म्हणे! ज्या माणसाने तीस वर्षं व्याजाचे तक्ते हाताने मांडले, त्याला तीन मिनिटांत कळलं. मला गाळेवाल्यांकडून दोनदा समजून घ्यावं लागलं.

पुढचे दहा फोटो बाबांनी गल्लीत जाऊन काढले. नऊ चांगले आले. हे काही लॅबमधलं टेस्टिंग नाही, भर दुपार होती आणि ऊन रणरणत होतं. साताऱ्याच्या घरात, संध्याकाळी सात वाजता, हाच स्कोअर खाली येणार हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. पण नऊ म्हणजे नऊ. त्यांनी स्क्रीनवर एकेक बघितला. एकही डिलीट केला नाही.

किमतीला माझ्यापेक्षा बाबाच भिडले. साडेचारचे चार केले, वर दोन जीबीचं जुनं कार्ड मागून घेतलं. उरलेल्या पैशांत चार रिचार्जेबल सेल आणि चार्जर. हा सल्ला फुकट घ्या, या कॅमेऱ्यात साधे अल्कलाइन सेल घालू नका, भराभर संपतात. निकेल मेटल हायड्राइडचे घ्या, कितीतरी पट जास्त फोटो निघतात. आणि अडलंच तर गावातल्या कुठल्याही किराणा दुकानात पेन्सिल सेल मिळतोच. सोनीची बॅटरी साताऱ्यात संपली असती तर मला पुण्याहून पार्सल करावी लागली असती.

सोनी वाईट आहे का? अजिबात नाही. तुमचा हात स्थिर असेल, जीन्सच्या खिशात टाकून फिरायचं असेल, तर बिनधास्त घ्या. माझ्यासाठी मी अजूनही सोनीच घेईन. त्या आयटीवाल्याला मी फोन करून सॉरी म्हटलं. त्याचा कॅमेरा दोन दिवसांत फर्ग्युसनच्या एका मुलीने नेला, पाचशे रुपये जास्त देऊन. डिजिकॅम फॅशनचा जय असो.

डॉक्टरांकडे वेटिंग रूममध्ये बाबांनी माझा एक फोटो काढला. ट्यूबलाइटच्या उजेडात, फ्लॅश न मारता, टायमर लावून. जरा तिरका आलाय आणि मी नेमकी जांभई देतेय. पण स्पष्ट आहे, अगदी दातांसकट.

गेल्या रविवारी घरी गेले तेव्हा कार्डात एकशे बारा फोटो होते. बाबांनी निवडून अकरांच्या प्रिंट्स काढून आणल्या होत्या. छत्तीसच्या रोलची सवय अशी जात नाही. जास्वंद आहे, शेजारचा बोका आहे, अजिंक्यतारा आहे दोनदा. आणि एक आईचा, ओट्यापाशी, पोळ्या लाटताना. त्यात भिंतीवरचं कॅलेंडर, डबे, गॅसची निळी ज्योत सगळं कसं स्वच्छ, फक्त आई हातासकट पुसट.

आई प्रिंट घेऊन माझ्याकडे आली. "बघ, सगळ्यांचे छान आणि माझाच तेवढा हलवलाय यांनी!"

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. "माझा हात नाही हलला. कॅलेंडर बघ, तारीख वाचता येतीये. हललीस तू!"